ठेवीदारांची धास्ती आणि सरकारचा हात

आर्थिक अरिष्टाची वार्ता कोठूनहि आली कीं, ‘आतां सरकार बँकेंतील पैसा काढून घेणार’ अशी आवई तिच्या पाठोपाठ उठते. ती ऐकून कोणी मुदतीची ठेव मोडून नोटा घरीं आणतो, कोणी सोनें घेतो, व कोणी ‘या साऱ्या रिकामटेकड्यांच्या गप्पा आहेत’ असें म्हणून स्वस्थ बसतो. या तिघांपैकीं कोणीहि मूळ गोष्टीची चौकशी केलेली नसते. उसाची किंवा कापसाची रक्कम हातीं आल्यावर ती पुढील पेरणीपर्यंत, विहिरीच्या कामापर्यंत अथवा मुलीच्या लग्नापर्यंत कोठें तरी ठेवावीच लागते. तेव्हां हा प्रश्न शहरांतील व्यापाऱ्यांचाच आहे असें समजून शेतकऱ्यास चालावयाचें नाहीं. अडचणीच्या काळीं सरकारांनीं लोकांच्या ठेवींस हात घातल्याचीं खरीं उदाहरणें कोणतीं, तसें कां घडलें, आणि आपल्या देशांत कायद्यानें आज काय संरक्षण आहे, एवढ्या तीन गोष्टींचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ठेव म्हणजे काय?

प्रथम ‘ठेव’ या शब्दानें होणारा घोटाळा दूर केला पाहिजे. समजा, आपण वखारींत ज्वारीचीं पन्नास पोतीं ठेवलीं, पोत्यांवर आपली खूण केली व पावती घेतली. हीं पोतीं आपलींच राहतात. वखारवाला कर्जबाजारी झाला तरी त्याच्या सावकारांस त्या पोत्यांवर हात टाकतां येत नाहीं. आतां दुसरा प्रकार पहा. तीच ज्वारी आपण एखाद्यास वाढीदिढीनें दिली. तो ती खाईल, पेरील किंवा विकील. सुगीला तितकी ज्वारी व वर ठरलेली वाढ परत करावी एवढेंच त्याच्यावर बंधन. त्याचें पीक बुडालें तर आपली ज्वारीहि बुडण्याचा संभव असतो, कारण ती दिल्या क्षणींच त्याची झाली व आपल्या हातीं फक्त मागण्याचा हक्क उरला.

बँकेच्या लॉकरमध्यें ठेवलेला दागिना हा पहिल्या प्रकारांत मोडतो; बँकेच्या खात्यांत भरलेला पैसा हा दुसऱ्या प्रकारांत मोडतो. नांव ठेव असलें तरी कायद्याच्या दृष्टीनें तें आपण बँकेस दिलेलें कर्ज होय. व्याज मिळतें तें याच कारणानें. आपण भरलेल्या रकमेचा थोडा भाग बँक हाताशीं ठेवते, कांहीं भाग सरकारी रोख्यांत गुंतविते आणि मोठा भाग दुसऱ्यांस कर्जाऊ देते. हीं कर्जें बुडालीं किंवा रोख्यांची किंमत उतरली म्हणजे बँकेच्या घेण्यांत खड्डा पडतो, पण देणें मात्र तेवढेंच राहतें. हा खड्डा कोणी तरी भरून काढावाच लागतो. बँकेचे भागीदार, बँकेस मोठालीं कर्जें देणारे, ठेवीदार आणि सरकार, म्हणजे कर भरणारी रयत, असे चारच पक्ष शेवटीं उरतात. पांचवा कोणी नाहीं. ‘सरकार ठेवी लुबाडतें’ ही ओरड जेथें जेथें झाली, तेथें तेथें मूळ वाद या चौघांत तोटा कसा वांटावा याविषयींच होता, हें ध्यानांत ठेवल्यास पुढील हकीकत उलगडेल.

सायप्रसची हकीकत

अलीकडच्या काळांत या विषयावर सर्वांत अधिक गवगवा सायप्रसच्या उदाहरणानें झाला. सायप्रस हें भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाकडील बेट. १९६० पर्यंत तें इंग्रजांच्या अमलाखालीं होतें. आपल्याकडे सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला. त्यानंतर पांच वर्षांनीं, १९०९ सालीं, सायप्रसांतील लेफ्कोनिको या गांवीं तेथील पहिली सहकारी पतपेढी निघाली, आणि पुढें तेथील शेतकरीहि आपल्याप्रमाणेंच या पेढ्यांतून कर्ज काढीत व ठेवी ठेवीत आले. २००४ सालीं हा देश युरोपीय संघांत सामील झाला व २००८ सालीं त्यानें युरो हें चलन स्वीकारलें.

बेट लहान, पण तेथील बँका देशाच्या मानानें फार मोठ्या झाल्या होत्या. परदेशांतून, विशेषतः रशियांतून, तेथें ठेवींचा ओघ लागला होता. बँक ऑफ सायप्रस व लाइकी या दोन मोठ्या बँकांनीं या ठेवींतील पुष्कळ पैसा शेजारच्या ग्रीस देशाच्या सरकारी रोख्यांत व ग्रीसमधील कर्जांत घातला. सरकारी रोखा म्हणजे बुडीत न जाणारी वस्तु, अशी सर्वत्र समजूत असते. परंतु ग्रीसचें सरकारच कर्जाखालीं बुडूं लागलें, आणि २०१२ सालीं त्याच्या रोखेधारकांस निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडावें लागलें. सायप्रसच्या बँकांचा यांत सुमारें ४५० कोटी युरोंचा तोटा झाला. देशाच्या एका वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ चौथा हिस्सा होईल एवढी ही रकम. सरकारच्या तिजोरींत तो भरून काढण्याइतका पैसा नव्हता, म्हणून २०१२ च्या जून महिन्यांत त्यानें युरोपीय संघाकडे मदत मागितली.

२०१३ च्या फेब्रुवारी महिन्यांत निकोस अनास्तासियादिस हे अध्यक्ष निवडून आले. पदग्रहणाच्या वेळीं २८ फेब्रुवारीस केलेल्या भाषणांत त्यांनीं, ठेवींत कपात करण्याची भाषाहि आपण सहन करणार नाहीं, अशी ग्वाही दिली. त्यानंतर तीन आठवडेहि झाले नाहींत तों १६ मार्चच्या शनिवारीं पहांटे बातमी आली कीं, १००० कोटी युरोंचें कर्ज मिळेल, पण ५८० कोटी युरो सायप्रसनें आपल्या ठेवीदारांकडूनच उभे केले पाहिजेत. १ लाख युरोंपर्यंतच्या ठेवीवर शेंकडा ६.७५ व त्यावरील ठेवीवर शेंकडा ९.९ असा एकवेळचा कर ठरला. सोमवारीं सणाची सुटी असल्यानें बँका बंदच होत्या. लोकांनीं एटीएम यंत्रांपुढें रांगा लावल्या. लिमासोल शहरीं एका मनुष्यानें संतापून आपला बुलडोझर बँकेच्या दारांत आणून उभा केला.

येथें एक बारकावा लक्षांत घेण्याजोगा आहे. युरोपीय संघांत १ लाख युरोंपर्यंतच्या ठेवीस विम्याची हमी होती. मग त्याहून लहान ठेवींतून पैसे कसे कापतां येतील? उत्तर असें कीं, विमा हा बँक बुडाल्यास लागू होतो. येथें बँक बुडाली नव्हती, सरकारनें ‘कर’ बसविला होता. शब्द बदलला आणि हमी निरुपयोगी झाली. सामान्य लोकांचा खरा संताप या चतुराईविषयीं होता. तीन दिवसांनीं, १९ मार्च रोजीं, तेथील पार्लमेंटपुढें हा प्रस्ताव आला, तेव्हां त्याच्या बाजूनें एकहि मत पडलें नाहीं. ३६ सभासदांनीं विरुद्ध मत दिलें व १९ जण तटस्थ राहिले.

२५ मार्च रोजीं दुसरी योजना ठरली. तीप्रमाणें १ लाख युरोंपर्यंतच्या सर्व ठेवी अबाधित राहिल्या. लाइकी बँक बंद करण्यांत आली, आणि तींतील १ लाखावरील ठेवीदारांची जास्तीची रक्कम जवळजवळ सर्व बुडाली. बँक ऑफ सायप्रसमधील मोठ्या ठेवीदारांच्या १ लाखावरील रकमेपैकीं शेंकडा ४७.५ भाग अखेरीस बँकेच्या भागांत, म्हणजे शेअरांत, बदलण्यांत आला. धनको होते ते सक्तीनें भागीदार झाले. २८ मार्च रोजीं बँका उघडल्या, तेव्हां एका मनुष्यास एका दिवशीं ३०० युरोंहून अधिक रक्कम काढण्यास बंदी होती. पैशाच्या हालचालीवरील शेवटचे निर्बंध उठण्यास २०१५ चा एप्रिल उजाडला.

सहकारी पेढ्यांचें पुढें काय झालें, हेंहि आमच्या वाचकांनीं जाणणें अवश्य आहे. त्यांच्या ठेवी त्या वेळीं वांचल्या. परंतु त्यांचीं स्वतःचीं कर्जें इतकीं थकलेलीं होतीं कीं, सरकारनें त्यांत १५० कोटी युरो घातले व त्यांच्या मालकीचा शेंकडा ९९ हिस्सा सरकारकडे गेला. २०१८ सालीं सहकारी बँकेचा चांगला भाग एका खाजगी बँकेस विकण्यांत येऊन, शंभराहून अधिक वर्षांचें हें काम संपलें. ठेवीदारांचा पैसा वांचला, पण सभासदांची संस्था गेली. थकबाकीकडे डोळेझाक करणाऱ्या आपल्याकडील संस्थांनीं ही गोष्ट विसरूं नये.

जप्ती आणि नोटीस

आमचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलेलें असल्यानें या प्रकरणांतील एक गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. जमीन महसुलाची थकबाकी वसूल करावयाची झाल्यास प्रथम मागणीची नोटीस निघते, मग जप्ती, मग जाहीरनामा, मग लिलाव. प्रत्येक पायरीवर खातेदारास हरकत घेण्यास जागा असते. ही पद्धत कितीहि कंटाळवाणी वाटली तरी रयतेचें रक्षण तिच्यांतच आहे. ठेवींवरील करास ही पद्धत लावतां येत नाहीं. कारण ‘येत्या महिन्यांत तुमच्या ठेवींतून दहावा हिस्सा घेऊं’ अशी नोटीस काढली, तर दुसऱ्याच दिवशीं बँका रिकाम्या होतील. शेत उचलून नेतां येत नाहीं. ठेव क्षणांत नेतां येते. म्हणून असें काम शनिवारच्या रात्रीं, सुटी पाहून व आदल्या दिवसापर्यंत नाकारूनच केलें जातें. इटलींत १९९२ च्या जुलै महिन्यांत अमातो यांच्या सरकारनें सर्व बँकठेवींवर हजारीं सहाचा कर बसविला, तोहि असाच रातोरात व मागील तारखेच्या शिलकेवर.

यावरून असें निष्पन्न होतें कीं, मंत्र्यांनीं कितीहि ग्वाही दिली तरी धास्ती जात नाहीं, कारण ठेवींस खरोखरीच हात घालावयाचा असला तरीहि ते हीच ग्वाही देतील. खऱ्या व खोट्या ग्वाहीचा शब्द एकच असतो. धास्तीवर उपाय एकच : तोटा आल्यास तो कोणीं प्रथम सोसावा, कोणीं नंतर, आणि कोणाची किती रक्कम कोणत्याहि परिस्थितींत अबाधित राहील, हें संकट येण्यापूर्वींच कायद्यांत लिहून ठेवणें. सायप्रसच्या पहिल्या योजनेनें लिहिलेली मर्यादा ओलांडली म्हणून ती कोसळली. दुसरी योजना अधिक कठोर असूनहि टिकली, याचें एक कारण तिनें ती मर्यादा पाळली हें होय.

हात घालण्याचे इतर मार्ग

ठेवींवर कर बसविणें हा अनेक मार्गांपैकीं एक. दुसरा मार्ग पैसा गोठविण्याचा. ब्राझीलमध्यें १९९० च्या मार्च महिन्यांत कोलोर यांच्या सरकारनें ५०,००० नव्या क्रुझादोंवरील शिल्लक १८ महिन्यांसाठीं अडकवून ठेवली. अर्जेंटिनांत २००१ च्या डिसेंबरांत खात्यांतून आठवड्यास २५० पेसोंहून अधिक रोकड काढण्यास बंदी झाली. लोक रस्त्यांवर उतरले व २० डिसेंबर रोजीं अध्यक्ष दे ला रुआ यांस राजीनामा द्यावा लागला.

तिसरा मार्ग चलन बदलण्याचा. अर्जेंटिनांत १९९१ पासून एक पेसो म्हणजे एक डॉलर असा कायदा होता, आणि पुष्कळांनीं सावधगिरी म्हणून ठेवी डॉलरांतच ठेवल्या होत्या. २००२ च्या आरंभीं हा कायदा रद्द होऊन डॉलरच्या ठेवी दर डॉलरास १.४० पेसो या भावानें सक्तीनें पेसोंत बदलण्यांत आल्या. त्याच वर्षाच्या मध्यास बाजारांत डॉलर साडेतीन पेसोंच्या वर गेला. खात्यावरील आंकडा वाढलेला दिसे, पण डॉलरांच्या हिशेबानें त्याची किंमत निम्म्याहून कमी झाली होती.

चौथा मार्ग सर्वांत शांत, तो महागाईचा. जर्मनींत पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें नोटा छापण्याचा सपाटा लावला. १९२३ च्या नोव्हेंबरांत नवें चलन निघालें, तेव्हां एका नव्या मार्कास एक लक्ष कोटी जुने कागदी मार्क असा हिशेब ठरला. कोणाच्याहि खात्यांतून एक मार्कहि जप्त झाला नव्हता. तरी जन्मभराच्या बचती नाहींशा झाल्या होत्या.

‘मग सोनें घ्यावें’ असें कोणी म्हणेल. अमेरिकेंत रूझवेल्ट यांनीं ५ एप्रिल १९३३ रोजीं हुकूम काढून लोकांजवळील सोन्याचीं नाणीं व लगडी १ मेपर्यंत सरकारी बँकांत जमा करविल्या. दागिने व माणशीं १०० डॉलरपर्यंतचीं नाणीं यांस सूट होती; हुकूम मोडणारास १०,००० डॉलर दंड वा दहा वर्षांची कैद सांगितली होती. औंसास २०.६७ डॉलर हा भाव रोख देण्यांत आला. परंतु १९३४ च्या जानेवारींत सरकारनें तोच भाव ३५ डॉलर केला, व वाढीचा फायदा सरकारच्या पदरांत पडला. तेथील नागरिकांस पुन्हां मोकळेपणानें सोनें बाळगण्याची मुभा १९७४ च्या अखेरीस मिळाली. आपल्या देशांतहि १९६३ पासून सोन्यावर नियंत्रण होतें; १९६८ च्या कायद्यानें लगडीच्या रूपांत सोनें बाळगण्यास सामान्य माणसास मनाई होती, व तो कायदा १९९० सालीं रद्द झाला. सोनें वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सरकारच्या हातापलीकडे आहे अशी मात्र कोणतीहि वस्तु नाहीं, इतकेंच यावरून दिसतें.

नोटा घरीं पुरून ठेवण्याचाहि तोच प्रकार. मोठ्या नोटा रद्द करण्याचा प्रसंग आपल्याकडे १९४६, १९७८ व २०१६ असा तीनदां आला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं ५०० व १००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां खात्यांत पैसा असलेल्याचा पैसा अडकला, पण बुडाला नाहीं. घरांतील नोटा मुदतींत न भरणाऱ्याच्या नोटा मात्र कागद झाल्या. शेतकऱ्यांस यांत एक जादा जाच झाला : १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली, आणि तोंपर्यंत घेतलेल्या नोटा त्यांच्याकडे पडून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेंत भरण्याची परवानगी २०१७ च्या जून महिन्यांत मिळाली. रब्बीच्या पेरणीची वेळ त्यापूर्वींच निघून गेली होती.

आपल्या देशांतील स्थिति

आपल्याकडे या धास्तीनें जोर केला तो २०१७ सालीं. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें आर्थिक संस्थांच्या दिवाळखोरीविषयीं एक विधेयक लोकसभेंत मांडलें. त्याच्या ५२ व्या कलमांत, बँक अडचणींत आल्यास तिचें देणें कमी करण्याचा किंवा भागांत बदलण्याचा अधिकार दिलेला होता. विम्यांत येणारी रक्कम या कलमांतून वगळलेली होती. परंतु विम्याची मर्यादा त्या वेळीं १ लाख रुपयेच असल्यानें, त्यावरील ठेवींचें सायप्रसप्रमाणें होणार अशी चर्चा घरोघर झाली. अखेर २०१८ च्या ऑगस्टांत सरकारनें विधेयक मागें घेतलें. लोकांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें, व सरकारचें म्हणणेंहि सर्वस्वीं खोटें नव्हतें. पण विधेयक मागें घेतल्यानें बँक बुडावयाची थांबत नाहीं, हें दुसऱ्याच वर्षीं दिसून आलें.

२०१९ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले. एका गृहबांधणी कंपनीच्या समूहास दिलेलीं प्रचंड कर्जें लपविलेलीं होतीं. प्रथम ठेवीदारास सहा महिन्यांत १,००० रुपयेच काढण्याची मुभा होती. ती पुढें टप्प्याटप्प्यानें वाढत २०२० च्या जूनमध्यें १ लाखापर्यंत गेली. २०२२ च्या जानेवारींत ती बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाली, आणि ५ लाखांवरील ठेवी परत करण्यास दहा वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले. सरकारनें येथें कांहींहि जप्त केलें नव्हतें. तरी म्हाताऱ्या ठेवीदारास औषधापुरते पैसे मिळेनात, तेव्हां हा फरक त्याच्या काय कामाचा?

आतां विम्याचें पाहूं. १९६० सालीं लक्ष्मी बँक व केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर आपल्याकडे ठेवींच्या विम्याचा कायदा झाला व १ जानेवारी १९६२ पासून तो सुरू झाला. आरंभीं मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ सालीं ती १ लाख झाली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदारास कांहीं द्यावें लागत नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें, बँकेवर निर्बंध आल्यास ती बंद होण्याची वाट न पाहतां ९० दिवसांच्या आंत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली आहे.

शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी

(१) ५ लाखांची मर्यादा एका बँकेंतील एका ठेवीदारास आहे. बचत, चालू, मुदतबंद अशीं सर्व खातीं व सर्व शाखा मिळून, मुद्दल व व्याज धरून, ती मोजतात. त्याच बँकेच्या दोन शाखांत पैसा ठेवल्यानें मर्यादा वाढत नाहीं. दोन निरनिराळ्या बँकांत ठेवल्यानें वाढते. पति-पत्नीचें संयुक्त खातें हें एकट्याच्या खात्याहून निराळें धरतात.

(२) सरकारी व खाजगी बँका, तसेंच नागरी, जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँका या विम्यांत येतात. गांवची विविध कार्यकारी सेवा सोसायटी व पतसंस्था या बँका नव्हेत, आणि त्यांतील ठेवीस हा विमा नाहीं. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोन्हींकडे सारखाच असतो, म्हणून पुष्कळांची येथें फसगत होते. पतसंस्था जें अधिक व्याज देते तें या जोखमीबद्दल होय, असें समजूनच तेथें रक्कम ठेवावी, व जी बुडाली तर शेत विकावें लागेल अशी रक्कम तेथें ठेवूं नये.

(३) त्याच बँकेचें पीककर्ज आपल्याकडे येणें असेल, तर बँक बंद पडल्यास तें आपल्या ठेवींतून वजा होऊं शकतें, व उरलेल्या रकमेपुरताच विमा मिळतो. ठेव ३ लाखांची व कर्ज २ लाखांचें असेल तर हातीं १ लाखच येईल. घरांतील हिशेब मांडतांना हें विसरूं नये.

(४) मुदतीच्या पावत्या, पासबुक व आपल्या ओळखीचे कागद बिनचूक व एका ठिकाणीं ठेवावेत; वारसाची नोंद करून ठेवावी. सातबाऱ्यावरील नोंदीविषयीं जी दक्षता आपण घेतों तीच येथें हवी. विम्याचा पैसा मिळण्यास उशीर होतो तो बहुधा नांवांतील फरकामुळें व अपुऱ्या कागदांमुळें.

(५) आवई उठतांच ठेव मोडावयास धांवूं नये. सुदृढ बँकहि सर्वांचा पैसा एका दिवशीं देऊं शकत नाहीं, कारण तो कर्जरूपानें शेतांत व कारखान्यांत गुंतलेला असतो. आपण धांवलों कीं शेजारी धांवतो, आणि खोटी आवई खरी होते. ठेवींची वांटणी करावयाची ती स्वस्थतेच्या काळीं करावी.

(६) सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सोसायटीचे व सहकारी बँकेचे आपण नुसते ठेवीदार नसून सभासद, म्हणजे मालक आहों. वार्षिक सभेस जाऊन थकबाकी किती, ती कोणाकडे, संचालकांच्या नातेवाईकांकडे किती, व हिशेबतपासनिसानें कोणता वर्ग दिला, हे चार प्रश्न विचारण्याचा आपणांस हक्क आहे. सायप्रसच्या ठेवीदारांस ग्रीसच्या रोख्यांची खबर तोटा झाल्यावर लागली. मुंबईच्या ठेवीदारांस कर्जाची खबर निर्बंध आल्यावर लागली. सरकारचा हात ठेवीपर्यंत पोंचतो तो बहुधा संस्थेच्या वहींत पूर्वींच पडलेल्या छिद्रांतून, आणि तें छिद्र लहान असतांना पाहण्याची संधि ज्यांस आहे, असे लोक या देशांत मुख्यतः गांवोगांवचे सहकारी सभासदच आहेत.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा पावसाळ्याच्या अखेरीस होतात. सभेची नोटीस व ताळेबंद सभासदास मागून घेतां येतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं आजपर्यंत तो कधीं वाचला नसेल, त्यांनीं यंदा तो जरूर वाचावा, आणि न समजेल तो आंकडा सभेंत उभे राहून विचारावा.